दहा गीझर, तीन सेंटीमीटर पाणी

जुनी गाडी भंगारात निघाली की तिच्या इंजिनाचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्या घरात तो पडला, कारण असं एक इंजिन गेल्या वर्षी दिवाळीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात येऊन बसलं. मारुती ८०० चं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ३७ हॉर्सपॉवर. आणणारा माझा भाचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्याने त्यात घातले होते. आईने विचारलं, "आता याला गाडी कुठून आणणार?" तो म्हणाला, "गाडीत नाही आजी, विमानात बसवायचंय."

आईने एवढंच सांगितलं, "आधी ते तुळशीपासून लांब सरकव, तेल गळतंय."

ताईने मात्र हे इतकं शांतपणे घेतलं नाही. रात्री तिचा फोन आला. "तू इंजिनिअर आहेस ना? मग त्याला समजाव." आता मी कलाभवनातून बीई झालो हे खरं, पण गेली बारा वर्षं माझा संबंध आहे तो कोडशी. माझ्या हाताला ग्रीस लागतं ते बाइकची चेन पडली तरच. तरी बहिणीला नाही कसं म्हणणार? समजवायचं तर आधी आपल्याला समजलं पाहिजे, म्हणून वाचायला बसलो. त्या वाचनाने पुढचे सहा महिने आमच्या घरातले रविवार खाल्ले.

पहिली गोष्ट कळली ती ही की पोराची कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गाडीचं इंजिन घरी बांधलेल्या विमानात बसवण्याची परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या बर्नार्ड पीटनपोल नावाच्या, स्वतःच शिकलेल्या कारागिराने १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला लावलं आणि तो उडाला. त्याच्या 'एअर कॅम्पर' विमानाचे नकाशे नंतर छापून आले. त्या नकाशांवरून लोक आजही विमानं बांधतात. पुढे फोक्सवॅगन बीटल, शेव्हरोले कॉर्व्हेअर, सुबारू अशा गाड्यांची इंजिनं हलक्या विमानांत बसली. सुझुकीचं तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन अमेरिकेत जिओ मेट्रो नावाच्या गाडीत यायचं, तेही काढून विमानात बसवणारे निघाले. म्हणजे आमच्या अंगणातल्या इंजिनाचं चुलत भावंड आकाशात जाऊन आलेलं आहे.

शिवाय आपण राहतो कुठे? १८९० मध्ये महाराज सयाजीरावांनी जिथे कलाभवन काढलं, मुलांनी हाताने काम करत शिकावं म्हणून, तिथे. दादासाहेब फाळके तिथेच शिकून गेले. आणि आता याच शहरात टाटा आणि एअरबस मिळून हवाई दलासाठी सी-२९५ विमानं बांधणार आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या कारखान्याचं उद्घाटन झालं. ५६ पैकी ४० विमानं बडोद्यात तयार व्हायची आहेत. अशा गावातल्या मुलाला "विमान हा आपला विषय नाही" असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण वाचता वाचता दुसरी गोष्टही समोर आली आणि ती वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसलो. ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. तिथल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने मारुती ८०० चंच इंजिन वापरून एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं होतं. शाळा आठवीपर्यंत, पण वेल्डिंगमध्ये हात बसलेला. जमिनीवरच चाचणी चालू असताना मागचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्याचा मार त्याच्या डोक्याला बसला. तो गेला. ते यंत्र उडालंही नव्हतं.

त्या मुलाकडे कौशल्य नव्हतं असं कोण म्हणेल? भंगार आणि पत्रा यांतून एवढं यंत्र उभं करणं सोपं नाही. पण अशा प्रत्येक कामात एक वेळ येते, जेव्हा शेजारी उभं राहून "थांब, हे मोजलंयस का?" असं विचारणारं माणूस लागतं. आपल्याकडे असं काही करणाऱ्या मुलाच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात, एक तर हसणं नाही तर टाळ्या. मोजायला सोबत कोणी बसत नाही. मला भाच्याला हसायचं नव्हतं आणि टाळ्याही वाजवायच्या नव्हत्या.

म्हणून आम्ही करार केला. प्रोपेलर लावायचा नाही. इंजिन लोखंडी स्टँडवरच राहील. आधी प्रश्नांची उत्तरं वहीत, आकड्यांसकट लिहायची. पहिला प्रश्न: या इंजिनाची उष्णता जाणार कुठे? दुसरा: ते विमानाला धरून राहणार कशाच्या आधारावर? तिसरा प्रश्न ताईने घातला, आणि तो सगळ्यांत चांगला होता: "आणि वर गेल्यावर बंद पडलं तर?"

उष्णतेपासून सुरुवात केली. भाच्याचं म्हणणं साधं होतं. "मामा, हेच इंजिन मे महिन्यात पाच माणसं घेऊन पावागडला जातं. मग विमानात काय अडचण?" ऐकायला बरोबर वाटतं. पण गाडीचं इंजिन गाडीत फारसं कष्टच करत नाही. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने जाणाऱ्या मारुती ८०० ला पाच-सहा हॉर्सपॉवर पुरतात. सगळी ३७ लागतात ती ओव्हरटेक करताना किंवा चढावर, तेही थोडाच वेळ. विमानात उलटं असतं. उड्डाणाला आणि वर चढताना पूर्ण ताकद, त्यानंतरही तासन्‌तास सत्तर-पंचाहत्तर टक्के. मध्ये सिग्नल नाही, उतार नाही, चहाला थांबणं नाही.

आता हिशेब पाहा. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते तिचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकाला किंवा प्रोपेलरला मिळतो, एक सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि एक इंजिनाच्या अंगात राहतो, जो पाण्याने उचलून बाहेर टाकायचा असतो. म्हणजे जेवढी ताकद हवी, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरमधून काढावी लागते. ३७ हॉर्सपॉवरचे पाऊण म्हणजे सुमारे २८, म्हणजे जवळजवळ २० किलोवॉट. आपल्या बाथरूममधला गीझर २ किलोवॉटचा असतो. म्हणजे असे दहा गीझर एकाच वेळी चालू ठेवायचे आणि त्यांची सगळी उष्णता दोन हात रुंद डब्यातून वाऱ्यावर सोडून द्यायची. हे ऐकून ताई म्हणाली, "आमच्याकडे एक गीझर आणि एसी एकदम लावला तरी मीटर पाहवत नाही."

सगळ्यांत कठीण वेळ वर चढतानाची. तेव्हा इंजिनाचा जोर सर्वांत जास्त आणि विमानाचा वेग सर्वांत कमी, हलक्या विमानाचा ताशी ८०-९० किलोमीटर. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. त्यात आपला उन्हाळा. रेडिएटर उष्णता किती टाकेल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर ठेवायचं म्हटलं तर जानेवारीतल्या २० अंशांच्या सकाळी तो फरक ७५ असतो, मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या दुपारी ५२. तोच रेडिएटर, तेच इंजिन, पण काम जवळजवळ तीस टक्के कमी. परदेशातला थंड हवेत केलेला व्हिडिओ पाहून इथे तसाच डबा बसवला तर काय होईल, हे भाच्याने स्वतःच वहीत लिहून काढलं. मला समजवावं लागलं नाही.

"मग मोठा रेडिएटर लावू," असं तो म्हणाला. सगळेच आधी तेच म्हणतात. पण मोठा रेडिएटर म्हणजे जास्त वजन, जास्त पाणी आणि वाऱ्याला जास्त अडथळा. आणि हवा त्यातून गेलीच नाही, तर तो कितीही मोठा असला तरी उपयोग शून्य. हवा आळशी असते. तिला बाजूने फट मिळाली की ती रेडिएटरच्या जाळीतून कशाला जाईल? कडेने निघून जाते.

हे शब्दांत सांगून भागलं नसतं. म्हणून आम्ही एक प्रयोग केला, तुम्हालाही घरी करता येण्यासारखा. मारुतीचा जुना रेडिएटर एका पत्र्याच्या डब्यात बसवला आणि तो डबा माझ्या गाडीच्या टपावरच्या कॅरिअरला घट्ट बांधला. डब्याला पुढे तोंड, मागे वाट. मग एक पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवून पट्टीसह लाकडी फळीवर बांधली आणि तिच्यात आईकडून मागून घेतलेलं कुंकू घालून लाल केलेलं पाणी भरलं. नळीचं एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. दोन्हीकडच्या दाबात जेवढा फरक, तेवढा पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक दिसणार. पहाटे शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी गाडी चालवत होतो, भाचा पट्टी वाचत होता आणि मागच्या सीटवर ताई आकडे लिहीत होती. ती आली होती खरं तर आमच्यावर लक्ष ठेवायला.

ताशी ८० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा पुढून येणारा सगळा दाब धरला तरी तो किती भरतो, हे आम्ही आधी काढलं होतं. उत्तर आलं होतं सुमारे ३० मिलिमीटर पाणी. तीन सेंटीमीटर! वाटीतली आमटीसुद्धा याहून खोल असते. दहा गीझरची उष्णता बाहेर ढकलायला तुमच्या हातात एवढीच ताकद आहे, आणि चढताना तीही काटकसरीनं वापरायची. पट्टीवर प्रत्यक्षात आले फक्त ९ मिलिमीटर. बाकीचे २१ कुठे गेले?

ते शोधण्यात तीन रविवार गेले. भाच्याने डब्याला पुढे भलं मोठं तोंड ठेवलं होतं आणि मागची वाट अरुंद. हवा आत यायची, पण बाहेर पडायला जागा नाही, म्हणून आतच तुंबायची आणि नवी हवा तोंडावरूनच परत फिरायची. आपल्या जुन्या वाड्यांत पुढे मोठं दार असतं, तरी मागचं दार बंद असेल तर वारा खेळत नाही, तसंच. मागची वाट रुंद केली. तिच्या वरच्या कडेला एक तिरकी पट्टी लावली, म्हणजे बाहेरचा वारा तिच्यावरून जाताना मागे कमी दाबाची जागा तयार होईल आणि आतली हवा ओढली जाईल. रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. आकडा १९ वर गेला. रेडिएटर तोच, वजन तेच, फक्त वाट बदलली.

यातून आणखी एक गोष्ट उमगली, जी मला आधी उलटी वाटायची. रेडिएटरमधून हवा जोरात जायला नको, संथ जायला हवी. म्हणून चांगल्या विमानात हवेसाठी तोंड छोटं असतं, आत बोगदा हळूहळू रुंद होत जातो, हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो, ती संथपणे जाळीतून जाते, गरम होते आणि मागे अरुंद होत जाणाऱ्या वाटेने पुन्हा वेगाने बाहेर पडते. मेरेडिथ नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिलं की हे नीट जमलं तर गरम होऊन बाहेर पडणारी हवा विमानाला थोडं पुढेही ढकलते. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली जो फुगवटा दिसतो, त्यात हाच बोगदा आहे.

हवेइतकीच काळजी पाण्याच्या बाजूला घ्यावी लागते. इंजिन विमानात बसवताना कधी तिरकं बसतं, कधी रेडिएटर खाली जातो, आणि मग सगळ्यांत उंच जागी हवेचा बुडबुडा अडकून राहतो. सिलिंडरच्या डोक्याशी बुडबुडा अडकला की तिथे पाणी पोचत नाही, आणि बाकी सगळं ठीक असूनही तेवढाच भाग भाजून निघतो. म्हणून पाण्याची टाकी सर्वांत वर ठेवायची आणि बुडबुड्याला तिथे जायला वाट ठेवायची. पीटनपोलच्या विमानात रेडिएटर इंजिनाच्या वर, वैमानिकाच्या नाकासमोर उभा असतो. समोरचं दिसायला त्याची अडचण होते, पण पाणी उकळायला लागलं की वाफही आधी त्यालाच दिसते.

इथे माझं शिक्षण थोडं कामाला आलं. भाच्याने तापमानाचा सेन्सर पाण्याच्या वाटेवर लावला होता आणि तो खूश होता. मी विचारलं, "पाइप फुटून सगळं पाणी निघून गेलं, तर हा सेन्सर काय दाखवेल?" तो थांबला. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगणार. पाणी गेल्यावर तो कोरड्या पाइपमध्ये लटकत राहतो आणि काटा खालीसुद्धा येऊ शकतो. म्हणजे इंजिन जळत असताना समोर 'सगळं छान' असं दिसणार. आमच्या कामात हे रोज घडतं. सर्व्हर बंद पडलेला असतो आणि डॅशबोर्ड हिरवा असतो, कारण ज्याने लाल दाखवायचं तोच बंद पडलेला. म्हणून पाण्याचा दाब किंवा पातळी सांगणारा आणखी एक सेन्सर हवा, आणि सिलिंडरच्या डोक्याच्या धातूचं तापमान वेगळं मोजायला हवं. हे त्याने वहीत लाल शाईने लिहिलं.

आता दुसरा प्रश्न, धरून ठेवण्याचा. पीटनपोलचं फोर्ड इंजिन ४० हॉर्सपॉवरचं, आमचं ३७ चं. दोन्ही जवळपास सारखीच, म्हणजे तसंच बसवता येईल? इथे मेख आहे. फोर्डचं इंजिन ३.३ लिटरचं, अवजड आणि निवांत. त्याचे ४० हॉर्सपॉवर मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर मिळायचे. आपलं इंजिन त्याच्या चौथ्या हिश्शाएवढं, आणि ३७ हॉर्सपॉवर द्यायला त्याला ५,००० फेऱ्या माराव्या लागतात. १.८ मीटर लांबीचा प्रोपेलर २,२०० फेऱ्यांवर फिरला तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे २०७ मीटर वेगाने जातं. तोच ५,००० वर फिरवला तर वेग होतो ४७१ मीटर. आवाजाचा वेग आहे साधारण ३४० मीटर. टोक आवाजाच्या पुढे गेलं की प्रोपेलर हवा ढकलण्याऐवजी नुसता ओरडतो, आणि त्याच्यावर ताण येतो तो वेगळाच. म्हणून पीटनपोलने प्रोपेलर थेट इंजिनाला लावला, आणि आजच्या गाडीच्या इंजिनाला मध्ये फेऱ्या कमी करणारा गिअर किंवा पट्टा लावावा लागतो. हा गिअर म्हणजे आणखी वजन, आणखी एक तुटणारी वस्तू आणि कंपनांचा वेगळाच खेळ. तीन सिलिंडरचं इंजिन सलग ढकलत नाही, धक्क्याधक्क्याने ढकलतं. ते धक्के आणि जड प्रोपेलरची स्वतःची चाल यांचा ताल एखाद्या फेरीसंख्येला जुळला, तर मजबूत दांडाही मोडतो. झोक्याला योग्य वेळी छोटे छोटे धक्के देत गेलं की तो किती उंच जातो, आठवून पाहा.

गाडीच्या क्रँकशाफ्टला गाडीत कोणी पुढे ओढत नाही. विमानात प्रोपेलर सतत पुढे ओढतो, आणि विमानाचं नाक वर-खाली झालं की फिरणारा जड प्रोपेलर त्या दांड्याला वाकवायला बघतो. फिरणारा भोवरा तिरका करायला गेलो तर तो बोटाला हिसका देतो, त्याचंच हे मोठं रूप. तो हिसका क्रँकशाफ्टने नाही, वेगळ्या बेअरिंगने झेलायचा असतो. कॉर्व्हेअरची इंजिनं बसवणाऱ्यांनी काही क्रँकशाफ्ट तुटल्यावर पुढे जादा बेअरिंग लावायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

मग इंजिन विमानाला जोडणारी चौकट. पोलादी नळ्यांची, त्रिकोणात्रिकोणांनी बांधलेली, कारण चौकोन दाबला की मुरडतो, त्रिकोण मुरडत नाही. मध्ये रबराचे गट्टू, म्हणजे कंपनं सांगाड्यात जाणार नाहीत. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये आग अडवणारा पत्रा. प्रत्येक नळीला, तारेला, केबलला हलायला थोडी ढील, पण घासायला जागा नाही. आणि सगळ्याचा तोल. सी-सॉवर एका टोकाला जड मूल बसलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इंजिन ठरल्यापेक्षा जड निघालं तर नाक खाली, मग बॅटरी मागे न्यायची, रेडिएटर मागे न्यायचा, मग पाण्याचे पाइप लांबणार, पाणी वाढणार, आणि पुन्हा वजन. एक धागा ओढला की अख्खा स्वेटर हलतो.

तिसरा प्रश्न ताईचा. याचं उत्तर विमान बांधणाऱ्यांनी फार पूर्वीच देऊन ठेवलंय: इंजिन बंद पडणार असं धरूनच विमान बांधायचं आणि उडवायचं. म्हणून विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ठिणगीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था. एक गेली तरी दुसरी घरी आणते. आमच्या मारुतीत ठिणगीची व्यवस्था एकच आहे. गाडीला ती पुरते, कारण गाडी बंद पडली की कडेला लावून मेकॅनिकला फोन करता येतो. एनसीसीचे कॅडेट ज्या व्हायरस एसडब्ल्यू-८० विमानांतून उडतात त्यातलं रोटॅक्स इंजिन बघितलं की हा फरक लगेच दिसतो. सिलिंडरची डोकी पाण्याने थंड, बाकी सिलिंडर वाऱ्याने थंड, फेऱ्या कमी करणारा गिअर इंजिनाचाच भाग, ठिणगी दुहेरी. जी कामं गाडीच्या इंजिनाला आपण नंतर शिकवायला बघतो, ती त्याला जन्मापासून येतात. ते महाग का, हे भाच्याला आता कोणी सांगावं लागत नाही.

आणि एवढं सगळं जमलं तरी थेट आकाश नाही. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानात प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलर असेल तर सुरुवातीला २५ तास ठरावीक, मोकळ्या भागातच उडावं लागतं. इंजिन गाडीचं असेल तर ४० तास. ते जादाचे पंधरा तास म्हणजे आपण या पानावर केलेली सगळी चर्चा आहे, असं मी भाच्याला सांगतो. आपल्याकडे नोंदणी आणि परवानगी डीजीसीएकडून घ्यावी लागते, आणि बडोद्यावर तर हरणीचा विमानतळ आणि मकरपुऱ्याचा हवाई दलाचा तळ, दोन्हींची हद्द. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. २०१६ मध्ये त्यांचं विमान मुंबईत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, उड्डाणाच्या चाचणीची परवानगी २०१९ मध्ये. सगळ्या देशाचं लक्ष असताना आणि हातात वैमानिकाचा परवाना असताना ही तीन वर्षं. आपल्या मुलांनी ही गोष्ट "बघ, किती त्रास देतात" म्हणून ऐकू नये. त्या चिकाटीसाठी ऐकावी.

तर सध्या परिस्थिती अशी आहे. इंजिन अंगणात स्टँडवर आहे, तुळशीपासून बऱ्याच अंतरावर. ते विमानात बसणार नाही. हा निर्णय मी घेतला नाही, ताईनेही नाही. भाच्याने वहीतली पानं पुन्हा वाचून स्वतः घेतला. एके संध्याकाळी शेव-उसळ खाता खाता तो म्हणाला, "मामा, हे इंजिन वाईट नाही. पण मी आता जे लिहिलंय ते सगळं करायचं म्हटलं तर इंजिनापेक्षा त्याच्या आजूबाजूचंच काम दसपट आहे. ते मी आधी शिकतो." आता तो त्याच स्टँडवर थंड करण्याचा बोगदा वेगवेगळ्या आकारांत बनवून मोजतोय. तोच कॉलेजातल्या प्रोजेक्टचा विषय होणार आहे. शिक्षकांना वही दाखवली तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त वेळ त्या कुंकवाच्या नळीच्या पानावर घालवला म्हणे.

मला कधी कधी वाटतं, पहिल्या रात्री ताईच्या फोननंतर मी "काही नको ते खूळ" म्हटलं असतं, तर हे इंजिन एखाद्या मित्राच्या शेडमध्ये गेलं असतं. तिथे त्याला प्रोपेलरही लागला असता आणि आम्हाला कळलं असतं ते कदाचित फार उशिरा. नाही म्हटल्याने मुलांची ओढ जात नाही, फक्त आपल्या डोळ्यांआड जाते.

तुमच्याही घरात कोणी ड्रोन उघडून बसलं असेल, बाइकला भलतीच बॅटरी जोडत असेल, गच्चीवर काही उडवत असेल. त्याला थांबवायच्या आधी एक पट्टी, एक नळी आणि एक वही आणून द्या, आणि रविवारचे दोन तास शेजारी बसा. काय होईल हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालेल. आमच्या ताईला रेडिएटरमधलं काही कळत नव्हतं. पण आता रविवारी चहाचे कप घेऊन अंगणात आली की तिचा पहिला प्रश्न असतो, "आज किती मिलिमीटर?" आणि भाचा आकडा सांगण्याआधी पट्टी पुन्हा एकदा वाचतो.